तिवराच्या मुळांवरचं लाल शेवाळ: चोडण ते आचरा

निघण्याआधी

लाल समुद्री शेवाळ बघायचं म्हटलं की पावलं खडकाळ किनाऱ्याकडे वळतात. मालवणच्या खडकांवर ग्रॅसिलेरिया, हिप्निया भरपूर मिळतात, त्यात चूक काही नाही. ही फेरी मात्र खाडीची होती, गोव्यातल्या चोडणपासून मालवणजवळच्या आचऱ्यापर्यंत, आणि बघायचं होतं ते कॅलोग्लॉसा लेप्रिओरी हे लाल शेवाळ. दोन-तीन सेंटिमीटर लांब, एक-दोन मिलिमीटर रुंद, तपकिरी-जांभळं. खारफुटीच्या मुळांवर ते वाढतं आणि लांबून वाळलेला चिखल वाटतं. दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून आलेल्या नमुन्यांवरून कामीय माँतान्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याने ते डेलेसेरिया या वंशात घातलं होतं, १८६९ मध्ये ते कॅलोग्लॉसात आलं. उष्ण कटिबंधातल्या खाड्यांत, जिथे खारफुटी आहे तिथे, हे किंवा याची भावंडं सापडतात. बहुतेक ठिकाणी सोबत आणखी दोन लाल शेवाळं असतात, बॉस्ट्रिकिया आणि कॅटेनेला. तिघांना एकत्र ओळखायला शिकलं तरच कॅलोग्लॉसा नीट कळतं.

मुहूर्त ओहोटीचा. पूर्ण भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. तृतीयेला सव्वादोन वाजता भरती, म्हणजे त्याच्या सव्वासहा तास आधी, आठच्या सुमारास ओहोटी. हा हिशोब मुंबईकडचा. गोव्याला नि मालवणला पाणी त्याच्या पाऊण-एक तास आधी येतं, आणि खाडीत आत शिरलं की पुन्हा उशीर होतो. म्हणून दिवस ठरवायला तिथी आणि पक्क्या वेळेला सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत खाली जातं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. अंधारात चिखलात उतरू नये. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांचं पाणी पुरतं उतरत नाही. तृतीया ते पंचमी हा मधला काळ सोयीचा: सकाळचा उजेड मिळतो आणि मुळं तीनेक तास उघडी राहतात.

महिना मार्गशीर्ष. पावसाळ्यात मांडवीचं पाणी जवळजवळ गोडं आणि गढूळ होतं, मुळांवर गाळाचा थर बसतो आणि त्याखालचं शेवाळ दिसतच नाही. चैत्र-वैशाखात वरचा पट्टा उन्हाने पिवळट पडतो. मार्गशीर्ष-पौषात गाळ बराचसा धुतला गेलेला असतो आणि रंगही टिकून असतो.

सामान थोडंच लागतं, पण त्यातलं एकही मागे राहून चालत नाही. दहापट आणि वीसपट अशी दोन भिंगं, बोथट सुरी, चिमटा, मापायची फीत, पांढऱ्या सुती दोऱ्याची गुंडी, लहान झिप पिशव्या, खाडीचं पाणी भरून घ्यायला अर्ध्या लिटरची बाटली, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, पेन्सिल आणि बटर पेपरच्या चिठ्ठ्या. पेनाची शाई ओल्या पिशवीत पसरते आणि नमुना बेवारस होतो. पायात नाडीचे जुने कॅनव्हास बूट. गमबूट चिखलात रुतला की पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. अनवाणी तर अजिबात जायचं नाही, कारण मुळांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात.

पहिला दिवस: चोडण

पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे चोडण बेटावर. धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं, १९८८ मध्ये जाहीर झालेलं. लोक दुर्बिणी घेऊन वर बघत असतात. आपल्याला खाली बघायचं आहे. तिकीट काढून आत जाता येतं, पण तिकीट म्हणजे नमुने घ्यायची परवानगी नव्हे. अभयारण्यातून चिमूटभर शेवाळही उचलायचं नाही. इथला दिवस फक्त डोळे आणि भिंग यांचा.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तिवर हे खारफुटीचं झाड आहे. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, साधारण वीतभर उंच. पहिल्या नजरेत सगळी मातकट दिसतात. मग एकच मूळ निवडायचं, वाटेवरून हात पोचेल असं, आणि त्याच्यासमोर उकिडवं बसून पाच मिनिटं तेच बघायचं. भिंग डोळ्याला लावून डोकं मुळाजवळ न्यायचं. भिंग हातात लांब धरून बघितलं तर काहीच दिसत नाही.

वरचं टोक बहुधा उघडं असतं, त्यावर फार तर काळपट निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचा लेप. त्याखाली मखमलीसारखा तपकिरी थर सुरू होतो. तिथे भिंग थांबवायचं. थर जर गोल, दोऱ्यासारख्या, पिसासारख्या फाटे फुटलेल्या फांद्यांचा असेल आणि फांद्यांची टोकं आत वळलेली असतील तर ते बॉस्ट्रिकिया. पातळ, चपट्या फिती असतील, फीत ठरावीक अंतरावर चिमटीत धरल्यासारखी अरुंद होत असेल, प्रत्येक अरुंद जागी दोन फाटे फुटत असतील आणि फितीच्या मधोमध एक गडद शीर असेल, तर ते कॅलोग्लॉसा. याच अरुंद जागांच्या खालच्या अंगाने बारीक मुळ्यांसारखे तंतू निघतात आणि सालीला धरून बसतात, म्हणून ते एका टोकाने लोंबत नाही, मुळावर सरपटत जातं. चिखलाच्या अगदी जवळ, जाडसर, फुगीर पेरांची माळ दिसली तर ती कॅटेनेला.

घोटाळा कशाशी होतो, तर मुख्यतः हिरव्या शेवाळाशी. रायझोक्लोनियमचे तंतू गुंतलेल्या केसांसारखे असतात आणि गाळ धरून बसल्यामुळे तपकिरी दिसतात. बाटलीतलं खाडीचं पाणी थेंबथेंब सोडून गाळ धुतला की खरा रंग उघडा पडतो. नळाचं पाणी इथे वापरायचं नाही. कॅलोग्लॉसाला खारेपणातले चढउतार सोसतात, तरी एकदम गोड्या पाण्याचा मारा कोणत्याही समुद्री शेवाळाच्या पेशींना जाचक असतो, आणि आपण बघायला आलोय ते जिवंत स्थितीत.

नाव लाल शेवाळाचं आणि रंग तपकिरी-जांभळा, हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. पेशीत हरितद्रव्य असतंच, त्यावर फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य असतं. दोन्ही मिसळून तो रंग येतो. फायकोएरिथ्रिन हिरवा उजेड शोषतं, त्यामुळे दाट पानांखालच्या कमी प्रकाशातही भागतं. उलट, उन्हात राहिलेल्या फिती फिकट, गवताच्या काडीच्या रंगाच्या होतात. वाटेच्या कडेला, जिथे तिवराच्या फांद्या छाटलेल्या आहेत, तिथल्या मुळांवर हा फरक अगदी जवळजवळ बघायला मिळतो. सावलीतलं मूळ गडद, दोन हातांवरचं उन्हातलं मूळ जवळजवळ बोडकं.

दुपारी पाणी चढायला लागल्यावर बेटाच्या खाजणाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीच्या बाजूला वळलो. खाजणातल्या बांधांना पाणी आत-बाहेर सोडणारी मानस असते. मानशीच्या दगडी भिंतींची सावलीतली बाजू नेहमी ओलसर राहते आणि तिथेही बॉस्ट्रिकियाचा थर धरतो. या शेवाळाला तिवरच हवं असं नाही. सावली, ओल, रोज दोनदा खारं पाणी आणि खरबरीत पृष्ठभाग एवढं मिळालं की दगड चालतो, लाकूड चालतं. चिखलावर मात्र ते टिकत नाही. मातीचा कण हलला की बैठक गेली.

दुसरा दिवस: कुंभारजुवे, आणि मालवणकडे

मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा होडीनेच बघायचा. इथे मगरी आहेत. पौष अमावास्येला या भागातल्या काही गावांत चिखलाची मगर थापून तिची पूजा होते, त्या मानगे थापणीमागे खऱ्या मगरींसोबतचं राहणं आहे. तेव्हा काठावर उतरून मुळं तपासायचा मोह इथे धरायचा नाही. हात पाण्यात सोडायचा नाही, होडी मुळांना घासून न्यायची नाही. भिंगाचं काम इथे होत नाही, दुर्बीण आणि लांब लेन्सचा कॅमेरा बरा.

होडीतून मग करायचं काय? पट्टे बघायचे. ओहोटीच्या वेळी कांदळ या दुसऱ्या खारफुटीची कमानदार आधारमुळं पूर्ण उघडी पडतात, आणि लांबून बघितल्यामुळेच त्यांच्यावरच्या रंगांच्या हद्दी सलग दिसतात. सगळ्यात वर कोरडी करडी साल, मग तपकिरी पट्टा, मग कालवांचा आणि बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचा पांढुरका पट्टा, खाली चिखल. हा तपकिरी पट्टा एका मुळावरून दुसऱ्यावर जवळजवळ एकाच पातळीत जातो. त्याची उंची पाणी किती वेळ मुळावर राहतं यावर ठरते, मुळाच्या लांबीवर नाही. तिसऱ्या दिवशीच्या मोजमापाची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

दुपारी सावंतवाडी-कुडाळमार्गे मालवण. प्रवासात लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरा दिवस: आचरा खाडी

महाराष्ट्रातल्या समृद्ध खारफुटींमध्ये आचऱ्याची गणना होते. खाडीच्या तोंडाकडे चिपी, आत कांदळ आणि तिवर, बांधाकडे मारांडी आणि हुरा. चिपी म्हणजे सोनेरॅशिया अल्बा, २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलेली. तिची श्वासमुळं तिवरापेक्षा जाड आणि शंकूसारखी निमुळती. हुऱ्यापासून जपायचं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. फांदी बाजूला करायची असेल तर काठीने, आणि नंतर हात न धुता डोळे चोळायचे नाहीत.

इथे थोडे नमुने घ्यायचे होते, त्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. हे काम निघायच्या आठवड्यात होत नाही, दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. अर्जात जागा, जातीचं नाव, किती आणि कशासाठी हे नेमकं लिहिलेलं असलं की प्रश्न कमी येतात.

मोजमापात सर्वांत मोठी चूक होते ती शून्य कुठे धरायचा इथे. बहुतेक जण चिखलापासून वर मोजतात. चिखल सपाट नसतो. एका मुळाशी खेकड्याने उकरलेला खड्डा, दुसऱ्याशी उंचवटा, म्हणजे वीतभराचा फरक फुकट येतो आणि पट्ट्यांची तुलनाच होत नाही. उपाय पाण्याकडूनच घ्यायचा. ओहोटी सुरू असताना, पाणी अजून मुळांत असतानाच पोचायचं. ठरवलेल्या मिनिटाला, एका हाकेसरशी, तीन-चार जणांनी आपापल्या मुळावर पाण्याच्या रेषेला दोरा बांधायचा. वारा आणि लाटा नसलेल्या आडबाजूला, पन्नास पावलांच्या टापूत, पाण्याची पातळी एकच असते. तो दोरा सगळ्यांचा समान शून्य. पाणी उतरल्यावर दोऱ्यापासून वर आणि खाली मोजायचं. काम संपलं की दोरे मोजून परत घ्यायचे, एकही तिथे ठेवायचा नाही. नायलॉनचा दोरा मुळीच वापरू नये, ओल्या मुळावर त्याची गाठ सरकते आणि राहून गेला तर वर्षानुवर्षं राहतो.

प्रत्येक मुळाच्या चार नोंदी: प्रत्येक शेवाळाची वरची हद्द, खालची हद्द, सर्वांत दाट कुठे, आणि मुळाची कोणती बाजू. बाजू लिहायला माणसं विसरतात आणि तिथेच खरी गंमत असते. कांदळाच्या आडव्या कमानीची वरची बाजू उन्हाकडे, खालची सावलीत. त्याच कमानीवर, त्याच उंचीला, वर काही नाही आणि खाली बॉस्ट्रिकियाचा दाट गालिचा असं दिसतं. दक्षिणेकडच्या बाजूने पट्टा आखूड, उत्तरेकडे लांब. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे हा फरक या दिवसांत ठळक दिसतो.

क्रम साधारणपणे ठरलेला. बॉस्ट्रिकिया वर, कॅलोग्लॉसा मध्ये, कॅटेनेला खाली. हद्दी काटेकोर नसतात, एकमेकांत शिरतात, आणि दाट सावलीत तिन्ही थोडी वर सरकतात. कारण वाळण्यात आहे. वर राहणाऱ्याला दोन भरत्यांमध्ये जास्त तास हवेत काढावे लागतात. पाणी उडून गेलं की पेशीबाहेरचं मीठ घट्ट होतं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. बॉस्ट्रिकिया त्यावर सॉर्बिटॉल आणि डल्सिटॉल साठवून तोल राखतं, कॅलोग्लॉसात मॅनिटॉल असतं. शिवाय तिघांचे थर गाळ आणि ओल धरून ठेवतात. म्हणूनच एकटीदुकटी फीत क्वचित दिसते, दाट थर मात्र सकाळभर ओला राहतो. खालची हद्द वेगळ्या कारणाने ठरते: तिथे कालवं, बार्नेकल आणि बसणारा गाळ जागा घेतात, आणि चरणाऱ्या गोगलगायीही असतात.

एका मुळावर हे सगळं जवळून बघायला मिळालं. कांदळाची अंगठ्याएवढी जाड कमान, तिच्या खालच्या बाजूला दोन कालवांच्या मधल्या फटीत कॅलोग्लॉसाचा नखाएवढा पुंजका. भिंगाखाली एका फितीच्या शिरेवर दोन गोल फुगवटे होते, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. ती सिस्टोकार्प, म्हणजे मादी झाडावर फलनानंतर तयार झालेली बीजाणूंची कोठारं. शेजारच्या पुंजक्यात फुगवटे नव्हते, पण फितीच्या टोकाकडे शिरेच्या दोन्ही बाजूंना गडद ठिपक्यांच्या तिरप्या ओळी होत्या. ते चतुर्बीजाणूंचं, म्हणजे चार-चारच्या गटाने बीजाणू करणारं झाड. नर, मादी आणि हे तिसरं, अशा तीन अवस्थांत लाल शेवाळाचं जीवनचक्र फिरतं, आणि यातल्या एकाही अवस्थेत पोहणारी पेशी नसते. लाल शेवाळांच्या नर पेशींनाही शेपूट नसतं. सगळा भरवसा पाण्याच्या हालचालीवर. भरती-ओहोटीचं पाणी जिथे अडतं, बांध घालून खाडी तोडली जाते, तिथे हे शेवाळ का संपतं त्याचं उत्तर यात आहे.

नमुना घ्यायचा तो बोथट सुरीने सालीला न दुखवता, खालून वर, चहाचा अर्धा चमचा भरेल एवढाच, आणि थराच्या मधून नव्हे, कडेवरून. मुळाचा तुकडा कापायचा नाही. पिशवीत पाणी भरायचं नाही. बुडालेला नमुना गाडीच्या उष्णतेने संध्याकाळपर्यंत कुजतो. खाडीच्या पाण्यात भिजवून पिळलेला टिपकागद, त्यात नमुना, पिशवीत थोडी हवा आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत. बर्फाच्या पेटीत ठेवताना मध्ये वर्तमानपत्राची घडी, बर्फाचा थेट स्पर्श नको. पिशवी बंद करण्याआधी गोगलगायी वेचून काढायच्या. एक राहिली तरी रात्रीत ती नमुना कुरतडते.

चौथा दिवस: मालवण, टेबलावर

सकाळ समुद्राकडे न जाता खोलीत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथले खडक बघण्यासारखे आहेत, पण खाडीचे नमुने दुसऱ्या दिवसाच्या पुढे ताजे राहत नाहीत.

पहिलं काम गाळ काढण्याचं. खाडीचं पाणी आधी दुमडलेल्या मलमलीतून गाळून घ्यायचं, मग पांढऱ्या थाळीत नमुना सोडून मऊ रंगब्रशने शिरेच्या दिशेने हलके झटके. आडवा ब्रश मारला की अरुंद जागी फीत तुटते, आणि ओळख पटवायला हवी असते नेमकी तीच जागा. काचपट्टीवर एक फाटा पुरे. कॅलोग्लॉसाचे पंख एका पेशीच्या थराचे असतात, त्यामुळे काप न घेताही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठं करून पेशींच्या तिरप्या रांगा मोजता येतात. जवळच्या जाती वेगळ्या काढायच्या तर फाटा फुटतो त्या सांध्यावरच्या पेशींची मांडणी बघावी लागते, आणि लेप्रिओरी या एका नावाखाली एकाहून जास्त जाती दडलेल्या आहेत हे जनुकीय अभ्यासांनी दाखवलं आहे. म्हणून नुसत्या फोटोवरून जातीचं नाव ठोकून देऊ नये. कॅलोग्लॉसा एवढं लिहिणंही प्रामाणिक नोंद आहे.

बॉस्ट्रिकियाला आडवा काप हवा. ब्लेडने सरळ कापायला गेलं तर फांदी निसटते. गाजराच्या तुकड्याला खाच पाडून त्यात फांदी धरायची आणि दोन्ही एकदम कापायचं. मधली एक अक्षपेशी आणि भोवती पेशींचं कडं दिसलं की काप जमला. टेनेला ही जात असेल तर शेवटच्या बारीक फांद्या पेशींच्या एकाच रांगेच्या असतात.

लाल की हिरवं अशी शंका उरलीच तर एक फीत कढत पाण्यात टाकावी. उष्णतेने फायकोएरिथ्रिन मोडतं आणि मागे हिरवटपणा उरतो. हिरवं शेवाळ मुळात हिरवंच, त्यात असा बदल होत नाही.

जतन तीन प्रकारे. जनुकीय कामासाठी दोन-तीन स्वच्छ फिती ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये, नमुन्याच्या दहापट वजनाचं जेल, आणि दाणे रंग बदलले की लगेच नवे घालायचे. रचनेच्या अभ्यासासाठी बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि खाडीच्या पाण्याचे नऊ भाग, बाटली गडद रंगाची, कारण उजेडात रंग भराभर उडतो. फॉर्मॅलिन मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच हाताळायचं. तिसरा प्रकार कागदावरचा. पाण्याच्या थाळीत जाड कागद तिरका धरून नमुना त्यावर तरंगत पसरवायचा, कागद हळू उचलायचा, वर मलमल, वर-खाली टिपकागद, मग दाब. पहिल्या दिवशी टिपकागद दोनदा बदलायचे, नंतर रोज एकदा, कोरडं होईपर्यंत. मलमल विसरली तर शेवाळ टिपकागदालाच चिकटतं. पातळ कॅलोग्लॉसा स्वतःच्या चिकटपणावर कागदाला धरून बसतं, जाड कॅटेनेला मात्र वाळल्यावर सुटतं, त्याला कागदाची पट्टी लावून बांधावं लागतं.

फ्रेडरिक बोर्गेसन हा डॅनिश शास्त्रज्ञ १९२०च्या दशकाच्या शेवटी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर आला होता आणि पुढच्या काही वर्षांत त्याने इथल्या शेवाळांची वर्णनं छापली. ती आजही उपयोगी पडतात. आपल्या नोंदीही तेवढ्या टिकायच्या तर चिठ्ठीवर जागा आणि तारखेच्या जोडीला यजमान झाडाचं नाव, मूळ श्वासमूळ की आधारमूळ, दोऱ्याच्या शून्यापासूनची उंची, दोरा बांधल्याची वेळ, मुळाची बाजू, सावली की ऊन, आणि पाण्याचा खारेपणा लिहायचा. दोऱ्याची वेळ असली की त्या दिवसाच्या कोष्टकाशी ताडून ती उंची पुढे कधीही समुद्रपातळीशी अंदाजे जोडता येते. परवानगीचा क्रमांक त्याच चिठ्ठीवर, कारण नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा करताना तो आधी विचारतात.